चार मीटरला तुरीचा दाणा कमी

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात ‘कारखाना’ म्हटलं की तो साखरेचा: न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा. रांजणगावच्या एमआयडीसीत जे उभं आहे, ती ‘कंपनी’. कारखान्यात ऊस जातो आणि कंपनीत पोरं जातात. आपल्या लेखाची नायिका कंपनीत जन्मली आणि कारखान्याच्या वाटांवर फिरते. ती म्हणजे टाटांची नेक्सॉन.

न्हावऱ्याजवळ उसाच्या फडालगत एका बागायतदाराची नेक्सॉन उभी होती. पाइपलाइनच्या कामासाठी त्यांच्या ट्रॅक्टरमध्ये टेप होता, तोच मागून घेतला आणि आम्ही दोघांनी बंपरपासून बंपरपर्यंत गाडी मोजली. चार मीटर भरली नाही. छापील आकडा ३९९४ मिलिमीटरचा आहे, म्हणजे चार मीटरला सहा मिलिमीटर कमी, तुरीच्या एका दाण्याएवढं अंतर. मग त्यांनी टेप बाजूला ठेवला, खाली वाकून गाडीच्या पोटाखाली वीत उभी धरली. वीत जेमतेम मावली. “या वितीसाठी घेतली बघा,” ते म्हणाले. “आधीची गाडी रानाच्या वाटंला रोज घासायची.” कंपनीच्या हिशेबात ही वीत २०९ मिलिमीटरची.

तुरीचा तो दाणा आणि ही वीत, या दोन मापांत या गाडीची सगळी कुळकथा आहे.

दाण्याची गोष्ट दिल्लीत सुरू होते. २००६-०७च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी कोणाला म्हणायचं, हेही ठरवून दिलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं १५००पर्यंत. त्या दिवसापासून हिंदुस्थानातल्या गाड्यांचा कारागीर बदलला असं मी मानतो. चित्रकाराच्या शेजारी कायमचा एक कर सल्लागार येऊन बसला. २००८ साली टाटांनीच इंडिगोची शेपूट छाटून इंडिगो सीएस आणली. मारुतीच्या डिझायरला २०१२मध्ये तशीच कात्री लागली. नाशिकला महिंद्रांनी कोरियातल्या टिवोलीच्या सांगाड्यावरून एक्सयूव्ही ३०० घडवली, तेव्हा ४.२ मीटरची मूळ गाडी ३९९५ मिलिमीटरवर आणावी लागली.

असा नियम जगात आपणच केला असंही नाही. जपानमध्ये ‘केई’ वर्गाच्या गाड्या ३.४ मीटर लांबी आणि ६६० सीसीच्या चौकटीत बनतात, आणि त्या बहुतेक जपानमध्येच चालतात. देशाच्या कायद्याने गाडीचं अंग ठरवलं की ती गाडी त्या देशाचीच होऊन राहते. नेक्सॉनचंही तसंच आहे. नेपाळ-भूतानसारख्या शेजाऱ्यांकडे काही गाड्या जातात, पण ती बेतली आहे आपल्या करासाठी आणि आपल्या रस्त्यांसाठी.

रांजणगावच्या ज्या आवारात नेक्सॉन बनते, तिथूनच २०१७ साली जीप कंपास बाहेर पडू लागली. ती सुमारे ४.४ मीटर लांब. उजव्या हाताच्या स्टिअरिंगची कंपास इथून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपानकडे निघाली. ऑस्ट्रेलियातल्या गिऱ्हाइकाला चार मीटरच्या रेघेचं सोयरसुतक नाही. एकाच फाटकातून एक बहीण बंदराकडे गेली, दुसरी नगर रोडने गावोगाव.

हे फाटक फियाटचं. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाटची ११०० बनायची, तीच पुढे पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी म्हणून मुंबईभर धावली. कुर्ल्याचा तो धागा रांजणगावात आला, टाटा आणि फियाट निम्म्या-निम्म्या भागीने उभे राहिले. २००९ मध्ये लिनिया आणि पुंतो निघाल्या. मात्र इथली खरी कमाई १२४८ सीसीच्या मल्टिजेट डिझेल इंजिनाची होती. ते टाटांच्या व्हिस्टा आणि मांझातही बसलं. पुढे बीएस-६ या प्रदूषण निकषाच्या उंबरठ्यावर ते इंजिन थांबलं, फियाटच्या गाड्याही गेल्या.

नेक्सॉन २०१४च्या ऑटो एक्स्पोत नमुना म्हणून दिसली आणि २१ सप्टेंबर २०१७ रोजी विक्रीला आली. प्रताप बोस तेव्हा टाटांच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. लांबी वाढवायची मुभा नसेल तर जागा आणायची कुठून? उंचीतून. माणसाला ताठ बसवलं की पाय कमी पसरतात आणि तेवढ्याच लांबीत मागच्याचे गुडघे सुटतात. इंजिनाचंही तेच. पेट्रोलचं १२००च्या आत ठेवायचं, मग टर्बोने जादा हवा कोंबून त्याच्याकडून ११०च्या घरात अश्वशक्ती काढायची. डिझेलचं १४९७ सीसी, तेही रेघेच्या तीन सीसी अलीकडे.

मला या गाडीबद्दल सगळ्यात आपुलकी वाटते ती मात्र वेगळ्याच कारणाने. २०१४च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळून पाहिल्या होत्या, आणि पाचांनाही शून्य तारे मिळाले होते. नेक्सॉनला ऑगस्ट २०१८मध्ये चार तारे मिळाले. कंपनीने सुधारणा केल्या, चालकाबरोबर शेजारच्यालाही पट्ट्याची आठवण देणारी घंटा बसवली. डिसेंबरमध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे आले. भारतात बनलेल्या आणि भारतातच विकल्या जाणाऱ्या गाडीला हे पहिल्यांदाच. मुलांच्या सुरक्षेला मात्र तीनच होते, तेही सांगायलाच हवं. नगर रोडवर रात्री दिवा नसलेली उसाची डबल ट्रॉली ज्याने समोर पाहिली आहे, त्याला या ताऱ्यांची किंमत समजावून सांगावी लागत नाही. ज्या रस्त्याकाठी आपली माणसं जातात, त्याच रस्त्याकाठी माणूस वाचवणारा पत्रा घडला, याचं मला मोल वाटतं.

२०१९मध्ये एक लाखावी नेक्सॉन रांजणगावातून बाहेर पडली. २०२०च्या जानेवारीत ३०.२ किलोवॉट-अवर बॅटरीची विजेवरची नेक्सॉन आली. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी बदलला: छोट्या गाड्यांना १८ टक्के, मोठ्यांना ४०. चार मीटरची रेघ तिथेच आहे.

रांजणगावात संध्याकाळी शिफ्ट सुटली की महागणपतीच्या कमानीपासून पुढे कामगारांच्या बसची रांग लागते. शिरूर, न्हावरा, पार चौफुल्यापर्यंतची पोरं त्यांत असतात. आयटीआय करून आलेली, बरीचशी कंत्राटावर. एमआयडीसीच्या आसपास कुठेही जा, लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न एकच, “पोरगा पर्मनंट आहे का?” ज्यांनी माळरानाच्या जमिनी दिल्या, त्या घरांतून हा प्रश्न आला की ऐकवत नाही. गाडीला सहा मिलिमीटरची नेमकी जागा शोधून देणाऱ्या व्यवस्थेने या पोरांनाही कायमची जागा शोधून द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

न्हावऱ्याच्या त्या बागायतदाराच्या पुतण्याचीही त्या रात्री तिसरी पाळी होती. जाताना त्यांनी डिक्की उघडली. ३५० लिटरची जागा: खताची दोन पोती, ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं, वर पुतण्याचा डबा. टेप त्यांनी परत मागून घेतला, पोत्यांच्या फटीत खोचला आणि चारीच्या कडेने गाडी काढली. चाकाच्या चाकोरीत उसाचं पाचट दाबलं गेलं. मधला मातीचा उंचवटा पोटाला लागला नाही.