तापीकाठच्या शाळेतली रोपवाटिका

वनमहोत्सव आणि मुलं

कन्हैयालाल मुनशी सुरतेजवळच्या भरूचचे. केंद्रात अन्न व कृषिमंत्री असताना त्यांनी जुलै १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून पावसाळ्यात शाळाशाळांतून झाडं लावली जातात. पण रोपं बहुधा तयारच येतात. मुलांनी ती खड्ड्यात ठेवायची, फोटो काढायचा. बी गोळा करण्यापासूनचं काम मुलांकडे द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बी कुठून आणावं

सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोलीत खानदेशी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. त्यांची कितीतरी मुलं महापालिकेच्या मराठी शाळांत शिकतात आणि सुट्टीत भुसावळच्या गाडीनं नंदुरबार-जळगावकडे गावी जातात. खानदेश आणि सुरत दोन्ही तापीच्याच खोऱ्यात. त्यामुळे गावाकडचा करंज, कडुनिंब, बहावा इथेही आपलाच. कोणतं झाड कुठे आहे, हे आजी-आजोबांना नक्की ठाऊक असतं.

बियांचे स्वभाव

करंजाचं बी काही महिने टिकतं. कडुनिंबाचं मात्र दोन-तीन आठवड्यांत उगवेनासं होतं, जांभळाचं त्याहूनही लवकर. म्हणून जांभूळ खाल्लं की बी धुऊन लगेच पिशवीत लावावं. एकाच बीतून कधी दोन-तीन कोंब येतात. त्यातला जोमदार तेवढा ठेवावा. बहाव्याच्या बीचं कवच फार टणक. ते पॉलिशपेपरवर घासून रात्रभर भिजवावं लागतं. वर्गात दहा बिया घासून आणि दहा तशाच लावून पाहाव्यात. मुलं रोज धावत जाऊन बघतील. सुरतेची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून पिशवीत शेणखताबरोबर वाळूही घालावी.

काय लावू नये

कोनोकार्पस अजिबात नको. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. गुलमोहर मादागास्करचा. चिंचही मुळात आफ्रिकेची, पण ती इथे शतकानुशतकं रुजली आहे. तिला मी नाही म्हणणार नाही.

मे महिन्याचं पाणी

शाळेची रोपं मरतात ती बहुधा मे महिन्यात, सुट्टीत पाणी घालायला कुणी नसतं म्हणून. शेवटची परीक्षा झाली की प्रत्येक मुलानं एक पिशवी घरी न्यावी. गावी जाणाऱ्यानं ती शेजारच्या काकूंकडे सोपवावी. पावसाची झड सुरू झाली की फूट-दीड फूट खोल खड्ड्यात रोप लावावं. जागा रस्त्याकडेची असेल, तर पालिकेच्या उद्यान विभागाशी मार्चमध्येच बोलून ठेवावं.