करवंटीचा कोळसा आणि पाण्यातले शिसे

शेतमालाच्या टाकाऊ भागापासून केलेला सक्रिय कोळसा पाण्यातले शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा असे जड धातू धरून ठेवतो. पाण्यात विरघळलेला धातू गाळून निघत नाही, तो कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटतो. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचा एकूण पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो.

कच्च्या मालात नारळाच्या करवंटीचा मान पहिला. ती कठीण असते, तिच्यात राख कमी आणि तिच्या कोळशाची छिद्रे अतिशय बारीक असतात. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत हाच कोळसा भरला जाई. भाताच्या तुसात 15 ते 20 टक्के राख, तीही बहुतेक सिलिकाच. ती अल्कलीने धुऊन काढली नाही तर जागा अडवून बसते. उसाच्या चिपाडावरचे प्रयोग ढीगभर आहेत, पण साखर कारखाने तेच बॉयलरमध्ये जाळतात, तेव्हा त्याला टाकाऊ म्हणणे जरा धाडसाचेच. विदर्भातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र बऱ्याचदा शेतातच पेटवून दिल्या जातात.

करवंटी आधी हवा कोंडून 400 ते 600 अंश सेल्सिअसला भाजतात. तीन-चार किलोंमागे किलोभर कोळसा हाती येतो. मग 800 ते 1000 अंशांवर त्यावरून वाफ सोडतात; वाफ थोडा कार्बन खाते आणि तिथे छिद्रे पडतात. दुसऱ्या पद्धतीत कच्चा माल फॉस्फोरिक आम्लात भिजवून बऱ्याच कमी तापमानाला भाजतात.

नुसती छिद्रे असून धातू पकडला जात नाही. शिशाच्या आयनावर धन विद्युतभार असतो; त्याला बांधायला पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट लागतात. त्यासाठी कोळशाला नायट्रिक आम्लाची प्रक्रिया देतात. पाण्याचा सामूही सांभाळावा लागतो. तो 2 असेल तर हायड्रोजन आयनच जागा बळकावतात. 5 ते 6 दरम्यान शिसे छान बसते. सामू आणखी वाढवला तर शिसे हायड्रॉक्साइड होऊन आपोआप तळाशी बसू लागते, आणि श्रेय फुकट कोळशाला मिळते. सहासंयुजी क्रोमियमचे गणित उलटे. ते पाण्यात ऋण आयनाच्या रूपात असते, म्हणून आम्लधर्मी पाण्यातच चांगले पकडले जाते. शिवाय कोळसा त्यातल्या काही भागाचे कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमियम करतो.

प्रयोगशाळेतले आकडे बहुधा शुद्ध पाण्यात एकच धातू घालून काढलेले असतात. मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात अनेक धातू आणि कॅल्शियमसारखे क्षार एकाच जागेसाठी भांडतात, त्यामुळे कोळसा अपेक्षेपेक्षा लवकर भरतो. भरलेला कोळसा बदलला नाही तर धातू पुढच्या पाण्यात उतरू लागतो. सौम्य आम्लाने धुऊन कोळसा पुन्हा वापरता येतो, पण धातू नाहीसा होत नाही, त्या आम्लात जातो. त्या आम्लाची आणि बाद कोळशाची विल्हेवाट धोकादायक कचरा म्हणूनच लावावी लागते. स्वस्त कोळशाच्या हिशेबात हा खर्च बहुतेक वेळा धरलेलाच नसतो.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे 0.01 आणि कॅडमियम 0.003 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. घरगुती फिल्टरमधला साधा कोळसा मुख्यतः क्लोरीन आणि वास काढण्यासाठी असतो. शिशाची शंका असेल तर त्याच्या भरवशावर न राहता पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे.