दर दोन तासांनी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात हिरडा हा अनेक आदिवासी कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचा आधार आहे. फळे काढण्यासाठी उंच झाडावर चढावे लागते. पाय निसटून पाठीवर आदळले, तर क्षणात कमरेखालचे शरीर निर्जीव होऊ शकते. मग घरात एकच प्रश्न उमटतो : आता हा किती दिवस काढणार?

एकेकाळी अशा बहुतेक रुग्णांचा मृत्यू अल्पावधीतच ओढवत असे. त्याला कारण होत शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा आणि मूत्राशयाची काटेकोर निगा राखण्याचा दंडक घातला. तुटलेला मज्जारज्जू सांधला गेला नाही. रुग्ण मात्र वर्षानुवर्षे जगू लागले.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. त्यांतील एक गोळी मणक्यातच राहिली. त्यांनीच १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. जखमी जवानांसाठी पुण्यात खडकी येथे १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर कार्यरत आहे.

वाडीवस्तीवरील जखमीची निगा मात्र बहुधा घरच्यांनाच राखावी लागते. तिचा आरंभ झाडाखालीच होतो. जखमीला हातापायांना धरून उचलू नये, बसवू नये. मान व पाठ एका रेषेत ठेवून, अनेकांनी मिळून सपाट फळीवर घ्यावे. घरी आल्यावर ठरल्या वेळी कूस बदलावी, आरशात पाठीची त्वचा रोज तपासावी, डॉक्टरांनी शिकविल्याप्रमाणे स्वच्छ नळीने वेळच्या वेळी लघवी काढावी. संवेदना नसलेल्या पायांवर पाणी घालण्यापूर्वी ते हाताने पाहावे. लालसर डाग किंवा ताप दिसताच रुग्णालय गाठावे.

या कामांत पराक्रम दिसत नाही, खर्चही फारसा नाही. खंड मात्र चालत नाही. रात्री दोन वाजता उठून कूस बदलणारी आई किंवा पत्नी त्या माणसाच्या आयुष्यात वर्षांची भर घालीत असते. म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी समाचाराला जाताना फळांच्या पिशवीबरोबर एका रात्रीची पाळीही आपल्याकडे घ्यावी.