खुनी तोच, ओळख नवी
झपाटलेला २ : २०१३, थ्रीडी. दिग्दर्शक महेश कोठारे. पहिला भाग १९९३ चा.

पहिल्या भागात गुंड तात्या विंचू मरता मरता मृत्युंजय मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो. आपली खरी ओळख ज्याला पहिल्यांदा सांगितली, त्याच्याच शरीरात त्याला जाता येते, आणि तो असतो चित्रपटाचा नायक लक्ष्या. दुसऱ्या भागात नेम लक्ष्याच्या मुलावर. बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा. भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच तात्या मरतो.

स्टेपफादर २ : १९८९, हॉलिवूड. मनोरुग्णालयातून पळालेला खुनी सावत्र बाप समुपदेशक बनून नव्या कुटुंबात शिरतो. इथे मंत्रतंत्र नाही, फक्त खोटे नाव.

१९८७ च्या पहिल्या भागामागे न्यू जर्सीच्या जॉन लिस्टचे खरे प्रकरण होते. १९७१ मध्ये आई, पत्नी, तीन मुलांचा खून. अटक थेट १९८९ मध्ये.