येनाचं टेबल आणि रोलर सपोर्ट

फर्स्ट इयरला वर्कशॉपच्या तासाला आपण सगळ्यांनीच कारपेंट्रीचा जॉब केला आहे. टी जॉइंट नाहीतर हाफ लॅप, फाईलमध्ये आकृती, इन्स्ट्रक्टरची सही, की सुटलो! त्या जॉबला मिळणारं लाकूड मऊ आणि सरळ रेषांचं असतं. रंधा कुठूनही मारा, फारसं बिघडत नाही. त्यामुळे आपला नकळत एक समज होतो की लाकूड हे स्टीलसारखंच एक मटेरियल आहे, मापात कापलं की मापातच राहणार. ऐनाच्या लाकडापुढे हा समज दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही. नागऱ्याला आमच्या घरी मी ऐनाचं अभ्यासाचं टेबल केलं. अवघड लाकडाशी कसं वागायचं, हे त्यातून जे समजलं ते इथे मांडतो.

ऐन म्हणजे कोण?

पुस्तकात ऐन, आमच्याकडे येन, कुणी साजा म्हणतं. शास्त्रीय नाव टर्मिनालिया इलिप्टिका. खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची, म्हणून जंगलात लांबूनही ओळखू येतं. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढवतात. गोंड समाजात साजाच्या झाडाला देवाचं स्थान आहे. इतकं असूनही लाकूड म्हणून आपल्याकडे ऐनाची किंमत काय, तर घराचे खांब, मयाली, बैलगाडी, नाहीतर सरळ चुलीत. मान सगळा सागाला. 2023 साली अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान वाजतगाजत गेलं, ते आपण बातम्यांत पाहिलं. पण हेच ऐन इंग्लंडात 'इंडियन लॉरेल' या नावाने भारी फर्निचरला आणि भिंतींच्या पॅनेलला वापरलं गेलं. कारण त्याचं रूप. गडद तपकिरी रंगावर काळसर पट्टे, आणि पॉलिश केल्यावर उजेडात हलल्यासारखी दिसणारी लहर.

आमच्या बांधीच्या धुऱ्यावरचा ऐन पावसाळ्याच्या तोंडाला वादळात आडवा झाला. घरी धाकटी बहीण लोखंडी पेटीवर वही ठेवून अभ्यास करायची, दोन वर्षांनी तिची बारावी. तेव्हा टेबल करायचं ठरलं. बाबांनी एवढंच सांगितलं, "पाहा बाबू, ओंडका एकच आहे. फाटला त चुलीत जाईल." दुसरा ओंडका आणायची सोयही नव्हती. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत सागाबरोबर ऐनही आहे. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते, आणि लाकूड आरा मशीनवर न्यायचं तर वाहतूक परवाना लागतो. हे कागद आधी करावेत, गाडी नंतर भरावी.

सुंदर तेच अवघड

सरळ वाढणाऱ्या झाडात सगळे तंतू खोडाला समांतर असतात. ऐनात तसं नसतं. खोड जाड होताना तंतू काही वर्षं थोडे डावीकडे पिळत जातात, मग काही वर्षं उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दोऱ्या एकमेकींवर उलटसुलट गुंडाळाव्यात तसं. ओंडका चिरला की फळीच्या पृष्ठभागावर एका पट्ट्यात तंतू आपल्याकडे तोंड करून असतात, शेजारच्या पट्ट्यात पाठ करून. एक पट्टा उजेड परत फेकतो, दुसरा गिळतो. डोळ्याला दिसणारी लहर ती हीच.

आता याच फळीवर रंधा चालवा. ज्या पट्ट्यात तंतू पात्याच्या दिशेने खाली झुकलेले असतात, तिथे पातं कापण्याऐवजी पाचरीसारखं आत घुसतं आणि पात्याच्या पुढेच लाकूड उचकटतं. फळी उलटी फिरवली तर हा पट्टा गुळगुळीत होतो, पण शेजारचा उपटतो. म्हणजे सगळ्या फळीसाठी बरोबर अशी एक दिशा नसतेच. शिवाय ऐन जड आहे. घनमीटरला साधारण 850 किलो, साग साधारण 650. पात्याची धार पाहता पाहता जाते.

गावातल्या ज्या सुतार काकाजींच्या हाताखाली मी हे काम केलं, त्यांचं म्हणणं होतं, "येन आपलं ऐकत नाही. आपल्यालाच त्याचं ऐका लागते." पुढच्या प्रत्येक पायरीला हेच लागू पडतं.

वाळवणं: सर्वात लांब प्रॅक्टिकल

ऑक्टोबरात दीड इंच जाडीच्या फळ्या चिरून आणल्या. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं. एक पेशींच्या पोकळीत, ते आधी जातं आणि त्याने माप बदलत नाही. दुसरं पेशींच्या भिंतीत. ओलावा साधारण 28 ते 30 टक्क्यांच्या खाली आला की हे दुसरं पाणी जाऊ लागतं आणि लाकूड आकसतं. लांबीत जवळजवळ नाही, वार्षिक कड्यांना काटकोनात थोडं, आणि कड्यांच्या दिशेने साधारण त्याच्या दुप्पट. एकाच फळीत तीन दिशांना तीन वेगळी वागणूक. मटेरियल सायन्समध्ये आपण ज्याला अ‍ॅनिसोट्रॉपिक म्हणतो, ते हेच.

बाहेरचा थर आधी वाळून आकसायला लागतो, आतला ओला थर त्याला आकसू देत नाही. बाहेर ताण येतो आणि भेग पडते. ऐन याबाबत फार हट्टी. म्हणून त्याला सावकाश वाळवायचं. फळीच्या टोकांतून पाणी सर्वात लवकर उडतं, म्हणून टोकांना जुन्या ऑइल पेंटचे दोन जाड हात दिले. फळ्या सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच, दोन फळ्यांमध्ये इंचाच्या पट्ट्या ठेवून रचल्या. सगळ्या पट्ट्या बरोबर एकाखाली एक, नाहीतर फळी वाकते. वर दगडांचं वजन. मार्च ते मे मध्ये गरम वारा लागू नये म्हणून बाजूंना बारदान बांधलं. गोंदिया राइस मिलांचं गाव, बारदानाला तोटा नाही!

लाकूड वाळलं की नाही, हे ठोकून पाहण्यापेक्षा मोजून पाहावं. सिव्हिलच्या लॅबमध्ये मातीचा ओलावा काढतो तीच रीत. फळीच्या मधून छोटा तुकडा कापायचा, वजन करायचं, ओव्हनमध्ये 103 अंशांवर वजन घटणं थांबेपर्यंत ठेवायचं. गेलेलं पाणी भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. पहिला तुकडा 214 ग्रॅमचा 172 झाला, म्हणजे 24 टक्के. थांबलो. दीड वर्षाने दुसरा तुकडा 196 चा 180 झाला, म्हणजे 9 टक्क्यांच्या आत. आता हत्यार उचलायला हरकत नव्हती.

रंधा

लाकडाची दिशा बदलता येत नाही, पण पात्याचा कोन बदलता येतो. साध्या रंध्यात पातं 45 अंशांवर बसतं. पात्याच्या सपाट बाजूला धारेपाशी 15 अंशांचा बारीकसा उतार घासला की कापण्याचा कोन 60 होतो. अशा उभ्या पात्यापुढे लाकडाची साल उचकटायच्या आत मोडते, त्यामुळे भेग खाली धावत नाही. जोर जास्त लागतो, पण रेषे उपटत नाहीत. पात्यावरची टोपी, म्हणजे चिप ब्रेकर, धारेच्या अगदी जवळ आणायची, केस मावेल एवढं अंतर ठेवायचं. रंधा फळीला तिरका चालवायचा, कागदाइतकी पातळ साल काढायची, आणि दर दहा मिनिटांनी धार लावायची.

तरीही काही जागा उपटतातच. तिथे रंध्याचा हट्ट सोडावा. काकाजी काचेच्या तुकड्याने खरवडतात. मी जुन्या करवतीच्या पात्याचा चौकोनी तुकडा घासून वापरला. हात सुरक्षित राहतात आणि धार पुन्हा लावता येते. शेवटी 80, 120 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर, तंतूंच्याच दिशेने. नाकातोंडाला रुमाल हवाच, ही धूळ बाधते.

हिंज आणि रोलर

आता मुख्य मुद्दा. वाळलेलं लाकूड कायमचं वाळलेलं राहत नाही. ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. आमच्याकडचा मे म्हणजे भट्टी, आणि ऑगस्ट म्हणजे भिंतीलाही घाम. घरातल्या फळीचा ओलावा मे महिन्यात 8 टक्के आणि पावसाळ्यात 16 टक्के धरला, तर फरक 8 टक्क्यांचा. दर एक टक्क्याला रुंदी साधारण पाव टक्का बदलते, असा अंदाज कठीण लाकडासाठी धरायला हरकत नाही. दोन फळ्या जोडून केलेला टेबलाचा माथा 550 मिलिमीटर रुंद. गणित करा: 550 गुणिले 0.0025 गुणिले 8, म्हणजे 11 मिलिमीटर!

हा माथा खालच्या चौकटीला चारी बाजूंनी स्क्रू मारून किंवा फेविकॉलने पक्का केला तर काय होईल? चौकटीच्या आडव्या पट्ट्या लांबीत बदलत नाहीत, माथा रुंदीत बदलणार. दोघांच्या भांडणात एकतर माथा चिरतो, नाहीतर चौकट उघडते. अनेक घरांतल्या जुन्या टेबलांना मधोमध भेग दिसते, तिचं एक मोठं कारण हेच.

यावर उपाय आपण स्ट्रक्चर्समध्ये शिकलोच आहोत. पुलाच्या गर्डरला एका टोकाला हिंज आणि दुसऱ्याला रोलर देतात, म्हणजे उन्हात तो मोकळेपणी वाढू शकतो. टेबलाचंही तसंच केलं. माथा पुढच्या कडेला पक्का, हा हिंज. मागच्या पट्टीत स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी 18 मिलिमीटर लांब खाच, हा रोलर. बाजूच्या पट्ट्यांत मधल्या स्क्रूला त्याच्या निम्मी खाच. जोडणी मे महिन्यात केली, म्हणजे माथा तेव्हा सर्वात अरुंद. म्हणून स्क्रू खाचेच्या पुढच्या टोकाला ठेवला, पुढे तो मागेच सरकणार. तुम्ही ऑगस्टमध्ये जोडलंत तर बरोबर उलट करा. टेबल आणि भिंत यांच्यात 15 मिलिमीटर जागा सोडली.

पाय आणि पट्ट्या मात्र मॉर्टाईज-टेननने फेविकॉल लावून पक्क्या केल्या. तिथे लाकडाची रुंदी लहान, त्यामुळे हालचालही लहान. खिळा एकही नाही. ऐनात भोक न पाडता खिळा मारला की एकतर खिळा वाकतो नाहीतर लाकूड फाटतं. स्क्रूला आधी ड्रिल करून थोडा साबण लावायचा.

पॉलिश

जवसाचं तेल आपल्या विदर्भातलंच. पातळ हात, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घ्यायचं, दोन-तीन दिवस वाळू द्यायचं, असे चार हात दिले. वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन. जेवढे हात वर, तेवढेच खालच्या बाजूलाही द्यायचे. नाहीतर एक बाजू ओलावा लवकर घेते, दुसरी उशिरा, आणि फळी पापडासारखी वळते. एक इशारा: तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि अशा गोळ्याला आपोआप आग लागू शकते. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या पसरून वाळवा. होस्टेलच्या खोलीत तर हा प्रयोग नकोच!

निकाल

मे महिन्यात मागच्या पट्टीच्या रेषेवर माथ्याखाली पेन्सिलने खूण केली होती. ऑगस्टअखेर ती 7 मिलिमीटर मागे सरकली होती. गणिताने 11 सांगितलं होतं. पॉलिशमुळे ओलावा हळू शिरतो, आणि फळी पूर्ण फुगायच्या आत पाऊस सरतो, म्हणून हा फरक असावा. माथ्याला भेग नाही, सांधे घट्ट आहेत. बारावीची पुस्तकं आता पेटीवरून टेबलावर आली आहेत, आणि दिव्याखाली ती लहर दिसते. ओंडक्याच्या उरलेल्या दोन फळ्या बाबांनी स्वतःच पट्ट्या घालून पुन्हा रचून ठेवल्या आहेत. चुलीचा विषय त्यांनी काढलेला नाही.

तुमच्याही गावात कुठे ऐन, बिजा, धावडा पडला असेल आणि सरपण म्हणून त्याचा भाव चालला असेल, तर एक फळी चिरून पाहा. टोकांना पेंट, मध्ये पट्ट्या, वर्ष-दीड वर्ष सबुरी, आणि शेवटी एक रोलर सपोर्ट. सिलॅबसबाहेरचं यात काहीच नाही.