कितवा दिवस?

संध्याकाळचे साडेसात. उलव्यातल्या एका रंगाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, बायकांचा दवाखाना आहे. पावसाने सकाळपासून उसंत दिलेली नाही. जिन्यात ओल्या छत्र्या उभ्या आहेत आणि त्यांचं पाणी पायरी-पायरीने खाली रंगाच्या डब्यांकडे निघालंय. आत अकरा खुर्च्या, चौदा बायका आणि दोन नवरे. नवरे भिंतीवरचा गरोदरपणातल्या आहाराचा तक्ता पाठ करतायत. आमचा नंबर सतरा. आत बारावी आहे.

माझ्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ झोपलंय. समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीचं. मुलगी म्हणजे एकोणतीस वर्षांची बाई, पण मला काकू म्हणते, म्हणून माझ्या लेखी मुलगीच. नवरा खारकोपरला उतरून घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात, तोवर बाळ धरायला चला, असं म्हणून तिने मला आणलंय. बाळ धरायला कुणीही चाललं असतं. तिला एकटीने यायचं नव्हतं.

"काकू, हे बघा."

फोनवर तिच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयचा फोटो आहे. ऑगस्टचं पान. तारखांच्या चौकोनांत निळ्या बॉलपेनचे ठिपके. तीन सलग, मग दोन चौकोन रिकामे, मग एक, मग पाच सलग. काही ठिपके गच्च भरलेत, काही नुसतेच पोकळ गोल.

"हे पोकळ काय आहेत?"

"त्या दिवशी नुसता तपकिरी डाग होता. एवढासाच. पॅडसुद्धा लागलं नाही."

"मग लिहिलंस कशाला?"

"सवय." ती फोटो मोठा करते. महिनाअखेरीच्या एका चौकोनात ज्येष्ठा गौरी आवाहन छापलंय. "आई परवा कराडहून येतायत. आल्या की आधी कॅलेंडर बघतात. त्यांच्या घरी दूध, गॅस आणि सुनांची पाळी, तिन्हीचा हिशोब एकाच पानावर असतो. पान फाडून टाकावं म्हटलं, तर गौरी पण त्याच पानावर."

हसू दोघींना येतं, पण तिचं मध्येच थांबतं. सासूबाईंना गोळीचं माहीत नाही. लेकराला लवकर भावंड हवं, असं त्यांचं म्हणणं आहे. आणि हिची बाळंतपणाची रजा पुढच्या महिन्यात संपतेय. सव्वीस आठवडे पुरवून पुरवून वापरलेत. फोनमध्ये रोज रात्री नऊला गजर वाजतो. त्याला तिने नाव दिलंय 'दूध'.

गोळीचं पाकीट ती पर्सच्या आतल्या कप्प्यात, बाळाच्या लसीकरणाच्या कार्डात घडी करून ठेवते. अठ्ठावीस पांढऱ्या गोळ्या, डाळीएवढ्या. एकीकडून दुसरीकडे बाण काढलेत, म्हणजे क्रम चुकू नये. एकेकीत पंचाहत्तर मायक्रोग्रॅम डेसोजेस्ट्रेल. मिलिग्रॅम नव्हे. गोळीत डोळ्यांना दिसतं ते बहुतेक नुसतं भरताड. पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी नवं सुरू, मध्ये सुट्टी नाही. साध्या गोळ्यांत, माला-एनसारख्या, दोन हार्मोन असतात आणि त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे दूध कमी होऊ शकतं, म्हणून अंगावर पाजणारीला पहिले सहा महिने त्या देत नाहीत. तिला ही एकाच हार्मोनची मिळाली. कुठल्या दवाखान्यात मिळाली ते सोडा. देताना "रोज एकाच वेळी घ्यायची" एवढंच सांगितलं होतं. डाग लागतील हे कुणी बोललं नव्हतं.

समोरच्या खुर्चीवरच्या आजी बराच वेळ आमच्याकडे बघतायत. नऊवारी, हातात हिरवा चुडा, मांडीवर भाजीची पिशवी. इथल्याच एखाद्या जुन्या गावातल्या असाव्यात, आमच्या टॉवरांच्या आधीपासूनच्या.

"काय गो, डाग लागतंय?"

मुलगी माझ्याकडे बघते. मी बाळाकडे.

"माजी सून तं ते इंजेक्शन घेते, तीन महिन्यान एकदा. आधी महिनाभर अंगावरना जाई, आन मग पाली बंदच. जल्ला, मना वाटला पोट रायला!"

शेजारची सून भिंतीत शिरायला जागा शोधतेय. एक नवरा तक्ता सोडून जिन्यात जाऊन उभा राहतो.

ते इंजेक्शन म्हणजे 'अंतरा'. 2017 पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि औषध त्याच घराण्यातलं, प्रोजेस्टिनचं. असल्या इंजेक्शनांचं आपल्याकडे जुनं भांडण आहे. 1986 मध्ये हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि इतर महिला गट नेट-एन नावाच्या इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले होते. ज्या बायकांना टोचणार, त्यांना काय टोचतोय आणि त्याने काय होईल हे धड सांगितलेलं नाही, हा त्यातला एक मोठा मुद्दा. त्यालाही आता चाळीस वर्षं होत आली. या खोलीत मात्र सुनेची पाळी का बंद झाली हे अजून आजीच सांगतायत, आणि तेही चुकीचं धरून झाल्यावर.

"सतरा."

डॉक्टरबाई फोटो बघतात, ठिपके पेनच्या टोकाने मोजतात. "नऊ. छान लिहिलंयस. गोळी विसरली होतीस?"

"एकदा उशीर झाला. बाळाला ताप होता. सकाळी घेतली."

"म्हणजे किती तास?"

"दहा... साडेदहा."

"बारापर्यंत चालतं हिला. जुन्या गोळ्यांना तीनच तास मिळायचे." तरी लघवीची तपासणी होते. कार्डावर एकच रेघ उमटते, आणि दुसरी येत नाही हे नक्की होईपर्यंतची मिनिटं आम्ही तिघी पंख्याचा आवाज ऐकतो. टीबीचं किंवा फिटचं काही औषध चालू आहे का, हेही विचारून होतं. ती औषधं गोळीचा जोर मोडतात. नाही.

"मग हे का होतंय, मॅडम?"

"खाली रंगाचं दुकान आहे ना? भिंतीला एकच पातळ हात मारला तर कसा, कुठे कुठे पोपडा निघतो? तसं. या गोळीने पिशवीचं आतलं अस्तर पातळ होतं. त्याला धरून ठेवणारं इस्ट्रोजेन गोळीत नाही. मग बारीक रक्तवाहिन्या केव्हाही फुटतात. आज डाग, चार दिवस काही नाही, परत डाग. पहिले तीन-चार महिने बहुतेकींना असं काहीतरी होतं. पुढे कुणाची पाळी जवळजवळ थांबते, कुणाची जराशी येते, आणि थोड्याजणींचं हे असंच चालू राहतं. तू कुठल्या गटात जाशील ते मी आज सांगू शकत नाही."

"आणि थांबली, तर घाण आत साठणार नाही?"

"अस्तर वाढलंच नाही तर साठेल काय?"

हा प्रश्न मला आधी विचारायचा होता. मी गप्प बसले होते, ते बरं झालं.

डोकं दुखतं का? कधीकधी. छाती जड वाटते? ती तर वाटणारच, दूध आहे. चिडचिड? इथे ती थांबते. परवा कुकरची शिटी वाजली म्हणून रडले, म्हणते. डॉक्टर लगेच गोळीवर ढकलून मोकळ्या होत नाहीत. गोळीनेही होतं, पाच महिने सलग तीन तास झोप न मिळाल्यानेही होतं, आणि बाळंतपणानंतरचं नैराश्यही असतं, म्हणतात. मग आठ-दहा प्रश्न हळू आवाजात विचारतात. मी बाळाला घेऊन खिडकीपाशी जाते. बाहेर अर्धे टॉवर, अर्धे रिकामे प्लॉट, लव्हाळ्यात तुंबलेलं पाणी. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, त्या बाजूला पिवळे दिवे एका ओळीत लागलेत.

परत येते तेव्हा मूळ मुद्दा निघालेला असतो.

"मॅडम, ती पाळी पुढे ढकलायची गोळी असते ना... गौरीपुरती."

या आठवड्यात हे विचारणारी ही सहावी, की सातवी, असा डॉक्टरांचा चेहरा. "ती नॉरएथिस्टेरॉन. तीही प्रोजेस्टिनच, तुझ्याच गोळीची मोठी बहीण. पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात. पुढे ढकलायला आधी तारीख तर हवी! तुझ्याकडे तारीखच नाही."

"मग हे पाळीत धरायचं का?"

डॉक्टर पेन खाली ठेवतात. "माझ्या पुस्तकात ही पाळी नाही. गौरीच्या पुस्तकाचं मला विचारू नकोस."

तीन महिने बघायचं असं ठरतं. नाहीच जमलं तर तांबी आहे, पण तिने अंगावरून जास्त जाऊ शकतं. छाया ही गोळी आहे, लखनौच्या संस्थेत शोधलेली, तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, पण तिनेही पाळी लांबते. "तासाला एक पॅड भिजायला लागलं, किंवा पोटात एका बाजूला जोराची कळ आली, चक्कर आली, तर गौरी-बिरी बघायची नाही. सरळ यायचं."

खाली उतरतो. रिक्षा नाही. रंगाच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या राहतो तोच फोन वाजतो. तिकडून आवाज मोठा, मला सगळं ऐकू येतंय. मुखवटे काढलेस का, तेरड्याची रोपं कुठे मिळतील, पुरणाची डाळ मी इकडूनच आणते. आणि मग, अगदी सहज: "तुझं काय गं? कितवा दिवस?"

ती माझ्याकडे बघते. पत्र्यावर पाऊस.

"नाही आई. पाळी नाहीये."

तिकडे शांतता. मग जरा उजळलेला आवाज: "म्हणजे? चुकलीय?"

हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलेलं नव्हतं. ती तोंड उघडते, मिटते. तेवढ्यात कानाशी धरलेला फोन थरथरायला लागतो. नऊ. पडद्यावर 'दूध'. ती फोन खांद्याने कानाशी दाबते, पर्स उघडते, लसीच्या कार्डाची घडी सोडते आणि बाण बघून पुढची गोळी काढते. मी माझी पाण्याची बाटली पुढे करते.

"हो आई," ती घोट गिळून म्हणते, "ऐकतेय ना. बोला."