भार देवावर, हात कामात

देवावर भार टाकणारा माणूस निष्क्रिय होतो, हा भक्तिमार्गावरचा जुना आक्षेप असून त्याचे उत्तर महाराष्ट्राने सिद्धान्तापेक्षाही संतांच्या कामधंद्यातून दिले आहे. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने भक्तीचे नऊ प्रकार सांगितले असून त्यांतील शेवटचा प्रकार आत्मनिवेदन, म्हणजे स्वतःलाच देवाच्या स्वाधीन करणे, हा आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात या नऊ प्रकारांना एकेक समास दिला आणि 'मी' म्हणून जो वागतो तो कोण, याचा शोध घेणे हेच आत्मनिवेदनाचे मर्म मानले. दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्ये मात्र याच विषयावरून दोन पंथ पडले. वडकलै पंथाच्या मते माकडाचे पिल्लू जसे आईला स्वतः घट्ट धरून राहते, तसा भक्तानेही काही प्रयत्न केला पाहिजे, तर तेंकलै पंथाच्या मते मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते, त्याप्रमाणे सारे काही देवच करतो.

मराठी संतांनी या वादात न पडता कामही सोडले नाही आणि भारही वाहिला नाही. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील सावता माळी मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहत राहिले. जनाबाईंची साक्ष याहून बोलकी आहे, कारण नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या स्त्रीच्या अभंगांत विठ्ठल तिला जाते सोडून देण्यास सांगत नाही, तर स्वतःच तिच्याबरोबर दळू लागतो. दळण तेवढेच राहते, पण ते एकटीने रेटण्याची वेळ संपते. शरणागतीने माणसाला मिळणारी विश्रांती नेमकी हीच आहे.

हा विश्वास भाबडाही नव्हता. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकारामांचा व्यापार बुडाला, पत्नी व मुलगा गेले, आणि त्यानंतर देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात बसणाऱ्या या संताने देवाशी कडाक्याचे भांडणही केले. चोखामेळ्यांनी तर मंदिराबाहेर ठेवणाऱ्या विटाळाच्या कल्पनेलाच अभंगांतून जाब विचारला. म्हणून अन्याय सोसणाऱ्याला देवावर विश्वास ठेवून गप्प राहण्याचा उपदेश करणे, हा भक्तीचा सरळसरळ दुरुपयोग आहे.

मुंबईतील भांडुप आणि मुलुंड यांच्या मधल्या नाहूरसारख्या उपनगरात सकाळची लोकल, घरकर्जाचा हप्ता, मुलांचे शिक्षण आणि आईवडिलांचे आजारपण एकाच वेळी सांभाळणाऱ्या माणसाला या परंपरेचा उपयोग असा, की कष्ट त्याने करायचेच आहेत, परंतु कष्टांचे फळ, उद्याचा दिवस आणि इतरांचे आयुष्य हे सारे आपल्याच हातात असल्याचा हट्ट, ज्याला संतांनी कर्तेपणाचा अभिमान म्हटले, तो त्याला रोज थोडा खाली ठेवता येतो. त्यासाठी यात्रा किंवा संसारत्याग लागत नाही. वारकरी संप्रदायाने सांगितलेले साधन नामस्मरण असून ते प्रवासात, स्वयंपाकघरात वा रुग्णालयाच्या बाकावरही करता येते. ज्यांना या विषयात खोल जायचे आहे, त्यांनी दासबोधातील चौथ्या दशकाचा नववा समास आणि जनाबाईंचे दळणाचे अभंग एकमेकांशेजारी ठेवून सावकाश वाचावेत.